धालसिमच्या निवेदनावर माझी सही नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या शहराच्या ग्रुपांवर सध्या दोन मेसेज फिरतायत. 'स्ट्रीट फायटर' या गेमवर नवा हॉलीवूडपट येतोय आणि त्यात धालसिमची भूमिका विद्युत जामवाल करणार, हे २०२५ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून ही रस्सीखेच थोडीथोडी चालूच होती. आता तिला जोर आलाय. पहिला मेसेज म्हणतो, गळ्यात कवट्या घालून तोंडातून आग ओकणारा योगी हा आपल्या संस्कृतीचा अपमान आहे, निवेदनावर सह्या करा, हे पात्र बदलायला लावा. दुसरा म्हणतो, बघा, आपला योग आज जगभर पोचला, छाती फुगवा. दोन्ही मेसेज मला एकाच दिवशी आले. गंमत म्हणजे दोन्ही पाठवणारी माणसं एकाच सोसायटीतली.

मी दोन्ही बाजूंना नाही. का, ते सविस्तर लिहितो. कारण या भांडणात ज्या गोष्टीकडे बघायला हवं तिच्याकडे कुणीच बघत नाहीये. ती गोष्ट म्हणजे १९९५ साली या गेमवरून आलेल्या दोन अ‍ॅनिमेशन मालिका. एक जपानी, एक अमेरिकन. गेम तोच, पात्रं तीच, वर्षही तेच. आणि आपल्या माणसाचं काय केलं ते दोन्हीकडे वेगळं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. 'स्ट्रीट फायटर टू' हा जपानच्या कॅपकॉम कंपनीचा गेम १९९१ चा. निवडायला आठ लढवय्ये. रियू आणि होंडा जपानी, केन आणि गाईल अमेरिकन. बाकी चौघं एकेका देशाचे: चीनची चुन-ली, ब्राझीलचा ब्लांका, रशियाचा झांगीफ आणि भारताचा धालसिम. आपल्याकडे गेम पार्लर होती तेव्हा एसटी स्टँडमागे, पानटपरीच्या बाजूला, रुपयाचं नाणं टाकून आपण हे खेळलोय. 'हादोकेन'ला 'आडुगेन' म्हणायचो. धालसिम सहसा कुणी घ्यायचं नाही, कारण तो संथ होता. जो घ्यायचा तो मात्र लांबून हात ताणून ताणून समोरच्याला जेरीस आणायचा, आणि मग खऱ्या मारामारीची वेळ यायची.

आता हा धालसिम नक्की कोण? कंपनीच्या माहितीप्रमाणे केरळचा. जन्म २२ नोव्हेंबर १९५२. बायकोचं नाव सॅली. मुलाचं नाव दत्ता. हो, दत्ता! केरळचा योगी, बायको सॅली, पोरगा दत्ता, आणि स्वतःचं नाव धालसिम, जे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत मी तरी कुठे ऐकलेलं नाही. गावातल्या गरिबांसाठी पैसे मिळवायला तो लढतो. गळ्यातल्या कवट्या गावातल्या रोगराईत दगावलेल्या मुलांच्या, अशी कथा दिली जाते. हातपाय रबरासारखे लांबतात. ही कल्पनाही भारतातून गेलेली नाही. १९७० च्या दशकातल्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या कुंग-फू चित्रपटात हात लांबवणारा एक भारतीय योगी आहे, त्याच्यावरून धालसिम सुचला असं सर्रास मानलं जातं. म्हणजे योगाबद्दलची एक ऐकीव गोष्ट एका चित्रपटात गेली, चित्रपटातून गेममध्ये आली, आणि आता तिच्यावरून आपण आपसात भांडतोय.

निवेदनवाल्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. त्यांच्या बाजूने एक पुरावा मीच देतो, जो त्यांच्या मेसेजमध्ये नाहीये. या गेममध्ये एक मुष्टियोद्धा आहे. जपानमध्ये त्याचं नाव होतं एम. बायसन. दिसायला आणि नावालाही सरळसरळ माईक टायसन. गेम अमेरिकेत न्यायची वेळ आली तेव्हा कंपनीला खटल्याची धास्ती वाटली. मग काय केलं? तीन पात्रांच्या नावांची अदलाबदल केली. मुष्टियोद्धा झाला बॅलरॉग, खलनायक हुकूमशहा झाला एम. बायसन, आणि स्पेनचा मुखवटेवाला झाला वेगा. आजतागायत जपानमध्ये एक नाव आणि बाहेर दुसरं, असा घोळ चालू आहे. एका श्रीमंत अमेरिकन बॉक्सरचा वकील दारात उभा राहील या भीतीने तीन नावं हलली. कवट्यांच्या माळेचं कुणी काही केलं नाही. भारतातून कोण वकील येणार होता?

हे झालं खरं. पण यावर उपाय म्हणून निवेदन? इथे माझं आणि तुमचं बिनसतं.

त्या आठ जणांकडे पुन्हा एकदा बघा. ब्राझीलवाला हिरवा राक्षस आहे, अंगातून वीज सोडतो. रशियन अस्वलांशी कुस्ती खेळतो. आणि जपान्यांनी स्वतःच्या होंडाचं काय केलंय? सुमो पैलवान, तोंडावर काबुकी नाटकातला रंग फासलेला, आडवा होऊन रॉकेटसारखा उडतो. टिंगल करताना त्यांनी स्वतःलाही सोडलेलं नाही. मग फरक कुठे पडतो? फरक हा की होंडा बघून कुणी जपानी माणूस म्हणजे असाच असतो असं मानत नाही, कारण त्याच गेममध्ये रियू आहे आणि गेमच्या बाहेर जपानी पात्रांचा समुद्र आहे. विनोदी, भेकड, शूर, शाळकरी, म्हातारी, सगळी. धालसिम एकटा आहे. व्यंगचित्र असणं ही त्याची अडचण नाही, एकटं असणं ही आहे. अख्खा देश त्या एका लुकड्या माणसाच्या खांद्यावर. (१९९६ च्या 'स्ट्रीट फायटर ई एक्स'मध्ये दरुण मिस्टर नावाचा एक भारतीय पैलवानही आणला होता. आठवतोय कुणाला? नाही ना.)

आता मालिकांकडे येतो.

गेममध्ये पात्राला दोन सेकंदांत ओळखता आलं की काम झालं. सावली बघून कळलं पाहिजे हा कोण. तिथे कवट्या, आग, लांब हात एवढ्यावर भागतं. मालिकेत तसं भागत नाही. तिथे त्या माणसाला बोलावं लागतं, बसावं लागतं, कुणाशी तरी नातं असावं लागतं. म्हणून गेमवरची मालिका ही खरी परीक्षा. बनवणाऱ्याच्या मनात भारतीय माणूस म्हणजे काय आहे, ते तिथे उघडं पडतं.

अमेरिकेत आधी १९९४ चा सिनेमा आला. ज्याँ-क्लॉद व्हान डॅम गाईल झाला. धालसिम झाले रोशन सेठ, तेच, अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'तले नेहरू. आणि या धालसिमला ना योग, ना आग. तो डॉक्टर धालसिम, हुकूमशहाच्या प्रयोगशाळेत डांबलेला शास्त्रज्ञ, ज्याच्याकडून पकडलेल्या सैनिकाचा राक्षस बनवून घेतला जातोय. मारामारीच्या सिनेमात मारामारी न करणारा माणूस कोण, तर भारतीय. १९९५ मध्ये आलेली अमेरिकन मालिका याच सिनेमाचं बोट धरून आली. यूएसए नेटवर्कवर १९९७ पर्यंत तिचे २६ भाग झाले. सगळा कारभार गाईलच्या हाती, बाकीचे देशोदेशींचे लढवय्ये त्याच्या तुकडीत. धालसिम कडेकडेने. मालिका इतकी कच्ची की आज ती फक्त त्यातल्या खलनायकाच्या हर्षवायू झाल्यासारख्या ओरडण्याच्या मीम्समुळे जिवंत आहे.

जपानी मालिका मात्र गंभीर काम आहे. 'स्ट्रीट फायटर टू व्ही', एप्रिल ते नोव्हेंबर १९९५, एकूण २९ भाग. दिग्दर्शक गिसाबुरो सुगी. हा कुणी लुंगासुंगा माणूस नाही. १९८५ मध्ये केन्जी मियाझावाच्या कथेवर 'नाईट ऑन द गॅलॅक्टिक रेलरोड'सारखा शांत, मृत्यूबद्दलचा चित्रपट केलेला माणूस. आदल्याच वर्षी याच गेमवर त्याने मोठा अ‍ॅनिमेशनपटही केला होता. त्यात कलकत्त्यात होंडा आणि धालसिमची लढत आहे.

मालिकेत त्याने एक धाडस केलं. रियू आणि केन या दोघांना सतरा वर्षांची पोरं केलं. गेममधले तयार वीर नाहीत, तर हरणारी पोरं. सुरुवातीलाच गाईलकडून मार खातात. आपण किती कच्चे आहोत हे कळतं आणि केनच्या श्रीमंत घरच्या पैशावर दोघं जग हिंडायला, शिकायला निघतात. गेममध्ये बटणांच्या एका झटक्यात निघणारा हादोकेन या मालिकेत महिनोन्‌महिने निघत नाही. ती शक्ती आधी समजून घ्यावी लागते, अंगात मुरवावी लागते. मारामारीच्या गेमवरून मालिका करताना 'तंत्र लगेच येत नाही' हा विषय पकडणं, याला हिंमत लागते. हे मी मनापासून लिहितोय. मुलांना दाखवावी अशी मालिका आहे.

आणि हा हादो शिकायला ती पोरं कुठे येतात? भारतात. धालसिमकडे. इथे तो आग ओकणारं भूत नाही. तो ज्ञानी तपस्वी आहे, ज्याचं नाव ऐकून ही पोरं एवढ्या लांब येतात. छाती फुगवणाऱ्या मंडळींनी हे बघितलं असतं तर त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं.

पण थांबा, इथे माझी खरी तक्रार आहे, आणि ती निवेदनवाल्यांच्या तक्रारीपेक्षा मोठी आहे.

पोरं जगभर हिंडतात तो नकाशा बघा. हाँगकाँगमध्ये कुंग-फू आणि सिनेमाचा नट. थायलंडमध्ये अमली पदार्थांचा खोटा आळ आणि तुरुंग. स्पेनमध्ये बैलांशी झुंजणारा देखणा माथेफिरू. आणि भारतात? ध्यान लावून बसलेला साधू. हा सहलीच्या कंपनीचा माहितीपत्रक झाला. प्रत्येक देश एकेका कामापुरता. भारताचं काम शहाणपण पुरवणं. पोरं येतात, घेतात, पुढे जातात. गोष्ट त्यांची आहे. धालसिम त्यांच्या वाटेवरचं एक स्टेशन.

अमेरिकनांनी त्याला प्रयोगशाळेत बसवलं, जपान्यांनी आसनावर. एकाने शास्त्रज्ञ केला, एकाने गुरू. दोघांनीही आदरच दाखवलाय म्हणा हवं तर. पण दोन्हीकडे त्याला स्वतःचं काही हवंय का, तो कशाला घाबरतो, हे गोष्ट चालवायला लागतच नाही. दत्ताचा बाप म्हणून तो कसा आहे? सॅलीशी त्याचं पटतं का? कुणाला पडलंय! गुरू म्हणून पाया पडलं की माणूस म्हणून विचारपूस करावी लागत नाही. हा खेळ आपल्याला घरातही चांगलाच ठाऊक आहे.

आणि म्हणून मला त्या छाती फुगवणाऱ्या मेसेजचा जास्त राग येतो. चिडणारा निदान काहीतरी खटकतंय एवढं तरी सांगतो. फुलणारा दुसऱ्याने काढलेल्या चित्राला स्वतःचा फोटो समजून फ्रेम करतो.

तरीही सुगीला मी दोष देणार नाही. जपानी दिग्दर्शक जपानी पोराची गोष्ट सांगणार, हे त्याच्या जागी बरोबरच आहे. आपल्या दत्ताची गोष्ट त्याने का सांगावी? ते काम कुणाचं होतं?

आता निवेदनांनी काय होतं त्याचं एक उदाहरण. युगो साको नावाचा जपानी माणूस आपल्याकडे माहितीपट करायला आला, रामायणाने झपाटला, आणि त्याने रामायणावर अ‍ॅनिमेशनपट करायचं ठरवलं. लगेच निषेध. रामायणावर परदेशी माणसाने कार्टून काढायचं म्हणजे काय! राम मोहन यांच्यासारखा मुंबईतला दिग्गज अ‍ॅनिमेटर सोबत होता, तरी वातावरण असं की चित्र रेखाटण्याचं मुख्य काम जपानमध्येच झालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपट तयार झाला आणि वर्षानुवर्षं तो टीव्हीवर बघून एक पिढी वाढली. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा हीच आपली माणसं पोरंबाळं घेऊन गेली. निषेधाची पत्रं लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या तीस वर्षांत दुसरं रामायण काढून दाखवलं का? इतक्या ताकदीचं? मला तरी दिसलं नाही.

म्हणजे ज्याने प्रेमाने काढलं त्याच्याविरुद्ध निवेदन, ज्याने अज्ञानातून काढलं त्याच्याविरुद्धही निवेदन. आपलं हत्यार एकच. साप म्हणून भुई धोपटणं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे लढवय्यांच्या गोष्टी कुठे आहेत? अहो, धालसिमचं जन्मवर्ष १९५२ लिहिलंय ना? त्याच वर्षी, त्याच्या चार महिने आधी, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. कॅपकॉमच्या मंडळींना गावासाठी पैसे मिळवायला लढणारा योगी कल्पनेतून काढावा लागला. गावाने पैसे जमवून पाठवलेला पैलवान आपल्याकडे हाडामांसाचा होता! वाकड्या हातापायांची जादू हवी असेल तर मल्लखांब आहे. बाळंभट्टदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरच्या काळात नव्याने उभा केलेला. दोरीच्या मल्लखांबावरच्या आपल्या मुली बघा. हात रबराचे करायची गरजच पडत नाही.

ही झाली इतिहासातली नावं. मला तर त्याहून साधं काही चालेल. तालमीत पहाटे चारला उठून जोर काढणारी सातारची एक पोरगी, जिच्या घरच्यांना ती लग्नाला उशीर करतेय याची काळजी आहे. तिच्यावर २९ भाग. ती पहिल्या भागात हरू दे. सुगीच्या पोरांसारखीच.

आणि इथे हे प्रकरण आपल्या गल्लीत येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स वगैरेंसाठीचं धोरण मंजूर केलं. आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा, २०५० पर्यंतचा. पार्क येणार, गुंतवणूक येणार, रोजगार येणार. येऊ दे. माझा विरोध नाही. आपल्या शहरातली कितीतरी पोरं आज पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत रात्रपाळी करून परदेशी मालिकांच्या चित्रांची साफसफाई करतायत, त्यांचं भलं व्हावं. माझ्या ओळखीतल्या एकाने दोन वर्षं फक्त दुसऱ्यांच्या पात्रांचे केस हलवले. हात उत्तम आहे त्याचा. स्वतःचं एकही पात्र नाही, कारण त्याचा पगार कुणी देत नाही.

मला विचारायचंय ते एवढंच की या ३,२६८ कोटींतला किती पैसा मूळ गोष्ट लिहिणाऱ्याला मिळणार? मराठीत लिहिणाऱ्याला किती? पात्राची मालकी त्याच्याकडे राहणार की स्टुडिओकडे? इमारत बांधली की अ‍ॅनिमेशन होत नाही. धालसिम कॅपकॉमचा आहे, म्हणून कॅपकॉमने ठरवलं त्याच्या मुलाचं नाव काय. ज्याच्या मालकीचं पात्र, त्याच्या हातात बारसं. उद्या गोरेगावच्या चकचकीत पार्कात बसून आपली पोरं कुणाच्या तरी नव्या धालसिमच्या कवट्या रंगवत असतील तर त्याला उद्योग म्हणतात, पण मग अपमानाचं रडगाणं तरी नको.

हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारा, लेखी विचारा. हवं तर त्याचं निवेदन करा, त्यावर माझी पहिली सही. मजकूर मी लिहून देतो, रविवारी सकाळी वाचनालयात बसू. कवट्यांच्या निवेदनाचा कागद मात्र माझ्याकडे पुन्हा पाठवू नका. कॅपकॉमचं ऑफिस ओसाकाला आहे आणि तिथे मराठी वाचणारं कुणी असेल असं वाटत नाही.

आता कमेंट्समध्ये मला 'हिंदूविरोधी' आणि 'अंधभक्त' असं दोन्ही म्हटलं जाईल, माहीत आहे. म्हणा. फक्त त्याआधी 'टू व्ही'चे भारतातले भाग बघून या. आणि दत्ता हे नाव त्या जपानी मंडळींना कुठून मिळालं, हे कुणाला खरंच ठाऊक असेल तर तेही लिहा. मला बरेच दिवस छळतंय ते.